प्रगत वय आणि विनाइंजिन दुचाकी

सायकलला कुलूप लागलं मंगळवारी सकाळी, आणि ते टपालकाकांच्या लक्षात आलं तेव्हा ते लावणारी लेक ऑफिसला पोचलीसुद्धा होती. मागच्या चाकातून साखळी आरपार गेलेली, साखळीला मुठीएवढं कुलूप, आणि चावी परीक्षा विभागात, लेकीच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

टपालकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी सायकलवरून घरोघर पत्रं वाटली होती, त्यामुळे निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी आख्खी गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारी. बायको गेल्यापासून ते लेकीकडे राहत. वय शहात्तर, नजर चष्म्यासकट चांगली, गुडघे बिनचष्म्याचेही चांगले. पण आदल्या रविवारी बेकरीच्या वळणावर ते सायकलवरून पडले होते. कोपर खरचटलं, पँटचा गुडघा फाटला आणि पावाची लादी गटारात गेली.

"पडलो नाही," ते त्या मंगळवारी संध्याकाळी लेकीला म्हणाले. "उतरलो. जरा घाईत उतरलो इतकंच."

"बेकरीवाल्याने मला फोन केला होता, बाबा. तो म्हणाला काका आडवे होते."

"आडवा होतो, पण शुद्धीत होतो."

"या वयात सायकल धोक्याची असते. जगभरचं संशोधन तेच सांगतं."

टपालकाकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "कुठलं संशोधन?"

"म्हणजे?"

"कोणी केलंय, कुठे छापलंय? मला वाचायचंय."

लेक परीक्षा विभागात पर्यवेक्षक होती. कॉपी पकडणाऱ्यांना पुरावा दाखवा म्हणून ती रोज सांगायची. आता तिलाच कोणीतरी पुरावा मागितला आणि तिच्याकडे तो नव्हता, हे तिला फार लागलं. जावई समोर बसून वाटाणे सोलत होता. या घरात कोणाचीही बाजू न घेता तो एकवीस वर्षं सुखाने नांदत होता, आणि आताही त्याने एक शेंग जास्त वेळ न्याहाळली.

"बरं," लेक म्हणाली. "तुम्हीच शोधून आणा. या वयात सायकल चालवणं चांगलं असं सिद्ध करणारा एक निबंध. एकच आणा, चावी देते."

"शब्द दिलास?"

"दिला."

टपालकाका उठून आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी सकाळसाठी बूट पुसून ठेवले.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ज्येष्ठ नागरिकांना फुकट वाचकपत्र मिळत असे. चालत पंचवीस मिनिटांचा रस्ता. तिथल्या ग्रंथपाल बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या तर पूर्ण वाक्य बोलणाऱ्या होत्या. त्यांनी टपालकाकांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना खिडकीजवळच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"हा वार्धक्य संशोधन कोश. यात फक्त म्हातारपणावरचे निबंध आहेत. सात लाखांच्या वर. सारांश आपल्या भाषेत वाचता येतात. इथे चौकटीत शब्द लिहायचे."

"कुठले शब्द?"

"तोच तर सगळा प्रश्न असतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांना कोणीतरी हाक मारली म्हणून गेल्या.

टपालकाकांनी एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत लिहिलं: म्हातारा सायकल. उत्तर आलं: शून्य निबंध. सात लाख निबंध म्हातारपणावरचे आणि त्यात एकही म्हातारा नाही, हे त्यांना चमत्कारिक वाटलं. त्यांनी म्हातारा खोडून वृद्ध लिहिलं. आता बारा हजार निबंध आले. पहिल्या पानावर पेशींची सायकल, दुसऱ्या पानावर झोपेची सायकल. ते नेटाने पुढे जात राहिले. गल्ली कितीही लांब असली तरी शेवटच्या घरापर्यंत जायचं, ही त्यांची जुनी सवय. अकराव्या पानावर त्यांना जे हवं होतं ते सापडलं.

निबंधाचं नाव होतं 'उतारवयातील ऐच्छिक चक्र-व्यायाम आणि आयुर्मान'. सारांशात स्वच्छ लिहिलं होतं की रोज स्वखुशीने चाक फिरवणारा वयस्क गट न फिरवणाऱ्या गटापेक्षा अठरा टक्के जास्त जगला. टपालकाकांनी संपूर्ण निबंध छापून घेतला, अठरा टक्क्यांच्या खाली लाल रेघ मारली आणि घरी जाऊन तो लेकीच्या ताटाशेजारी ठेवला.

लेकीने जेवता जेवता वाचायला सुरुवात केली. ती प्रश्नपत्रिका वाचायची तसं वाचत होती, म्हणजे एकही ओळ न गाळता. तिसऱ्या पानावर तिचा घास हातात राहिला.

"बाबा, यातल्या सहभागींना हवे तेवढे दाणे आणि बसायला लाकडाचा भुसा दिला होता."

"परदेशी पद्धत असेल."

"सहभागींचं सरासरी वजन एकतीस ग्रॅम."

"किलो असेल. छपाईची चूक."

"एकतीस किलोचा माणूस?"

टपालकाका चष्मा पुसू लागले.

"हे उंदीर आहेत, बाबा."

जावयाला ठसका लागला आणि तो पाणी प्यायला आत गेला तो बराच वेळ आतच राहिला. लेक हसली नाही. हसली असती तर टपालकाकांना बरं वाटलं असतं. तिने पेन घेतलं आणि निबंधाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना लिहाव्यात तशा, अटी लिहिल्या. माणसं हवीत. सत्तरीच्या वरची हवीत. खऱ्या रस्त्यावर चालवणारी हवीत, व्यायामशाळेत नव्हे. आणि एकदोन जण नकोत, निदान शंभर तरी.

"आता गफलत व्हायला नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडायच्या आधी दहा मिनिटं टपालकाका दारात हजर होते. आज त्यांच्या खिशात अटींचा कागद होता. त्यांनी चौकटीत लिहिलं: माणूस सत्तर सायकल रस्ता. निबंध आले, आणि ते सगळे माणसांबद्दलच होते. पण ती माणसं एकजात वाईट अवस्थेत होती. खुब्याचं हाड मोडलेली, डोक्याला मार लागलेली, ट्रकखाली गेलेली. चाळीस सारांश वाचून झाल्यावर टपालकाकांनी नकळत आपलं कोपर चाचपून पाहिलं.

पण पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना एक नवी चौकट दिसली. तिच्यावर लिहिलं होतं 'वगळून'. त्यात लिहिलेला शब्द ज्या निबंधात असेल तो निबंध कोश बाजूला ठेवी. टपालकाकांनी त्यात 'अपघात' लिहिलं. निम्मे निबंध गेले. 'मृत्यू' लिहिलं. आणखी गेले. मग हात मोकळा सुटला. पडणे, फ्रॅक्चर, रुग्णालय, धोका, ट्रक. शेवटी पडद्यावर तीन निबंध उरले. एक विसरभोळ्या वृद्धांना लहानपणच्या सायकलचं चित्र काढायला लावण्याबद्दल होता. दुसरा रस्त्याकडेच्या बाकांबद्दल होता आणि तिसरा माहीत नाही कशाबद्दल होता, पण त्यात अपघात नव्हता.

ग्रंथपाल बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी वगळलेल्या शब्दांची यादी वाचली.

"काका, तुम्ही टपाल खात्यात होतात ना?"

"चौतीस वर्षं."

"कोणाच्या घरी वाईट बातमीचं पत्र असलं तर ते वाटेत टाकून देत होतात?"

टपालकाका ताठ झाले. "एकही नाही. एकदा तर एका दिवसात तीन घरी वाईट तारा दिल्या. एका बाईंनी दार लावून घेतलं माझ्या तोंडावर. पण दिली तार."

बाईंनी फक्त त्या यादीकडे पाहिलं. टपालकाकांनीही पाहिलं, आणि मग एका बोटाने, एकेक करून, ट्रकपासून अपघातापर्यंत सगळे शब्द खोडून टाकले.

"उद्या या," बाई म्हणाल्या. "मला एक तास मोकळा आहे. शब्द कसे निवडायचे ते बसून बघू."

उद्यापर्यंत थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण घरी जायला अजून दोन तास होते, बाई जेवायला गेल्या होत्या, आणि टपालकाकांना हार मानायची सवय नव्हती. त्यांना मदतीचं पान सापडलं. त्यावर लिहिलं होतं, 'योग्य शब्द सुचत नसल्यास आपला प्रश्न आपल्या भाषेत, सविस्तर लिहा.' हे त्यांना एकदम पटलं. सविस्तर लिहिणं म्हणजे पत्र, आणि पत्राचं त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी लिहिलं:

'महोदय, मी शहात्तर वर्षांचा असून माझी मुलगी मला सायकल चालवू देत नाही. तिने कुलूप लावले आहे. चावी तिच्या ऑफिसात आहे. ती परीक्षा विभागात पर्यवेक्षक असून स्वभावाने कडक आहे. तरी योग्य तो निबंध पाठवावा. कळावे.'

कोशाने थोडा विचार केला आणि विचारलं, 'आपल्याला या विषयाबद्दल जाणून घ्यायचे आहे का? वृद्धांवरील कौटुंबिक निर्बंध...' त्या जुन्या पडद्यावर अक्षरं मोठी करून घेतल्यामुळे पुढचे शब्द कडेला कापले गेले होते. ते होते 'व छळ'. निर्बंध हा शब्द टपालकाकांना अगदी नेमका वाटला. त्यांनी 'हो' दाबलं.

'या विषयावर नवे निबंध आल्यास ई-मेलने कळवावे का?'

हो.

'ई-मेलचा पत्ता?'

टपालकाकांचा स्वतःचा असा पत्ता नव्हता. पण कुठलाही पत्ता एकदा वाचला की तो त्यांच्या डोक्यातून जात नसे, आणि लेकीच्या ऑफिसचे लिफाफे घरात पडलेले असत. त्यांनी लिफाफ्यावरचा ई-मेलचा पत्ता बिनचूक लिहिला. निबंध थेट लेकीकडेच जाईल, मध्ये आपण कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो पत्ता आख्ख्या परीक्षा विभागाचा सामाईक आहे आणि त्यावर आलेली मेल अकरा जणांच्या पडद्यावर एकदम उघडते, हे लिफाफ्यावर लिहिलेलं नव्हतं.

पहिली मेल शुक्रवारी सकाळी दहाला पोचली. तिचा विषय होता 'नवीन निकाल उपलब्ध'. परीक्षा विभागात या तीन शब्दांची मेल आली की माणसं हातातला चहा टेबलावर ठेवून ती उघडतात. अकराच्या अकरा जणांनी उघडली. वर ठळक अक्षरांत 'वृद्धांवरील कौटुंबिक निर्बंध व छळ', खाली वाचकाचा मूळ प्रश्न जसाच्या तसा, महोदयपासून कळावेपर्यंत, आणि त्याखाली सहा निबंध. परीक्षा विभागात पर्यवेक्षक एकच होती.

लेकीला सकाळी कळलं ते एवढंच, की आज सगळे आपल्याशी फार हळू आवाजात बोलतायत. एका कारकुनाने तिच्यासमोरचा स्टेपलर आपणहून उचलून बाजूला ठेवला. साडेअकराला तिने मेल उघडली. बाराला साहेबांनी आत बोलावलं.

"बसा. घरी सगळं ठीक आहे ना?"

"सर, ते सायकलचं कुलूप आहे."

"हो, हो. कुलूप. वाचलं मी." साहेबांनी पेपरवेट फिरवला. "परीक्षेच्या काळात ताण येतोच माणसावर. मी समजू शकतो. माझीही आई आहे घरी. आपल्याकडे कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक बाई आहेत, त्या उद्या तुमच्या घरी येऊन जातील. नुसत्या गप्पा मारायला."

"सर, कुलूप सायकलला आहे."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. समजूत घालताना वापरायचा आवाज त्यांनी लावला होता.

शनिवारी समुपदेशक बाई आल्या. हातात फॉर्म, चेहऱ्यावर माया. त्यांनी लेकीला आणि जावयाला स्वयंपाकघरात बसायला सांगितलं आणि टपालकाकांशी एकांतात बोलायचं ठरवलं. लेक काल घरी आल्यापासून बापाशी एक शब्द बोलली नव्हती, त्यामुळे नक्की काय झालंय याचा टपालकाकांना पत्ता नव्हता. त्यांना वाटलं बाई संशोधनासाठी आल्या आहेत. त्यांनी प्रामाणिकपणे उत्तरं द्यायचं ठरवलं.

"काका, तुम्हाला घरात कोंडून ठेवतात का?"

"मला नाही. सायकलला."

"बाहेर जायला बंदी आहे?"

"छे. चालत कुठेही जातो."

"म्हणजे वाहन घेऊ देत नाहीत." बाईंनी लिहून घेतलं. "जेवण मिळतं?"

"वेळेवर. मीठ कमी असतं."

"मीठ कोण कमी करतं?"

"तीच."

बाईंनी तेही लिहिलं. स्वयंपाकघरातून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्हाला तुमच्या मुलीची भीती वाटते का?"

टपालकाकांनी विचार केला. खोटं बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. "लहानपणापासून."

"तुमच्या लहानपणापासून?"

"तिच्या. दुसरीत होती तेव्हा माझ्या पिशवीतली पत्रं मोजून घ्यायची. एक कमी भरलं तर झोपू द्यायची नाही." ते थोडं थांबले. "ते पत्र खरंच सीटखाली अडकलेलं होतं. तिच्यामुळे सापडलं."

समुपदेशक बाईंचं पेन थांबलं. त्यांनी टपालकाकांकडे नीट पाहिलं, मग दाराशी उभ्या सायकलकडे, मग तिच्या कुलपाकडे. मग त्यांनी पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली, आणि या वेळी कागदावर न लिहिता विचारलं. उंदरांपर्यंत पोचेस्तोवर त्यांना ओठ आवळून धरावे लागत होते. त्या जायला निघाल्या तेव्हा फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात त्यांनी 'कारवाईची गरज नाही' असं लिहिलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात मात्र त्या लेकीला हळूच म्हणाल्या, "ती मेल बंद करून घ्या. रोज येणार आहे."

बाई गेल्यावर जावयाने मेलचं सांगितलं, तेव्हा कुठे टपालकाकांना सगळं कळलं. सगळ्यांत जास्त त्यांना हे झोंबलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा पत्र चुकीच्या घरात टाकलं.

"सोमवारी जाऊन बंद करतो," ते म्हणाले.

"मी येते बरोबर," लेक म्हणाली. कालपासून बापाशी तिचं हे पहिलं वाक्य होतं.

सोमवारी लेकीने अर्धी रजा टाकली. बापलेक पंचवीस मिनिटांचा रस्ता चालत गेले. ग्रंथपाल बाईंनी दोन मिनिटांत मेल बंद करून दिली, आणि लेक पर्स उचलून निघणार तोच बाई टपालकाकांना म्हणाल्या, "शुक्रवारी तुम्ही आला नाहीत. आज बसायचं का? तास मोकळा आहे."

टपालकाकांनी लेकीकडे पाहिलं. मग खिशातून अटींचा कागद काढून टेबलावर सरळ केला. "बसू या."

लेकीने आपल्या अक्षरातल्या अटी पाहिल्या. कागदाच्या घड्या फाटायला आल्या होत्या. ती तिसरी खुर्ची ओढून बसली.

"एकेक अट घेऊ," बाई म्हणाल्या. "पहिली, माणसं. त्यासाठी शब्द लिहायचा नाही, इथे नुसती खूण करायची. उंदीर गेले. दुसरी, सत्तरीच्या वरची. याला कोशात कुठला शब्द आहे?"

"म्हातारा नाही," टपालकाका म्हणाले. "म्हातारा घातला की शून्य येतं."

"कारण कोशाची स्वतःची शब्दांची यादी आहे. लोक काहीही म्हणोत, निबंध त्या यादीतल्या शब्दाखाली ठेवलेले असतात. ही बघा. म्हातारा, वृद्ध, वयस्कर, या सगळ्यांसाठी त्यांचा शब्द आहे 'प्रगत वय'."

टपालकाका खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे गल्लीला लोक म्हणतात कासारगल्ली, आणि पाटीवर असतं नवा मार्ग क्रमांक चार. पत्रावर कासारगल्ली असेल तर नवीन पोस्टमन दिवसभर फिरतो."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या, आणि टपालकाकांना पहिल्यांदाच त्या हसताना दिसल्या.

"मग सायकलची पाटी कुठली?"

बाईंनी यादी उघडली. तिघांनी वाकून वाचलं. तो शब्द होता 'विनाइंजिन दुचाकी'.

"हा शब्द कोणाच्या तोंडात येणार?" लेक म्हणाली.

"कोणाच्याच नाही. म्हणून तर यादी बघायची. आणि काही निबंध यादी व्हायच्या आधीचे असतात, म्हणून जुनं नावही जोडायचं, मध्ये 'किंवा' घालून. फायदा हा शब्द घालू नका. धोकाही घालू नका. उत्तर काय यावं ते आपण प्रश्नात सांगायचं नाही."

लेकीने मान डोलावली. हे तिच्या खात्याचं होतं.

प्रगत वय, आणि, विनाइंजिन दुचाकी किंवा सायकल, आणि, रस्ता किंवा वाहतूक. बाईंनी बटण दाबलं. सात लाखांतून चौदा निबंध आले.

चौदाही निबंध त्यांनी छापून घेतले. बाईंचा तास संपला, लेकीची अर्धी रजा संपली, तिने फोन करून उरलेला अर्धा दिवसही टाकला. वाचायची त्यांची पद्धत ठरून गेली. टपालकाका एकही पान न गाळता मोठ्याने सारांश वाचत, लेक आकडे तपासे. पाच निबंध त्यांच्या बाजूचे निघाले, तीन तिच्या बाजूचे आणि बाकीचे कोणाच्याच बाजूचे नव्हते. पडणारे पडत होते, पण बहुतेक जण चालवताना नाही, तर चढता-उतरताना पडत होते. "घाईत उतरलो," टपालकाका हळूच म्हणाले. सीट दोन बोटं खाली घेतली आणि उतरण्यासाठी टांग काढायच्या आधी सायकल पूर्ण थांबवली तर पडणं निम्म्यावर येत होतं. आणि ज्यांनी सायकल सोडली त्यांचा तोल एका वर्षात बिघडला होता.

बाराव्या निबंधात लेक अडकली. तिने एक तक्ता दोनदा वाचला.

"काय आहे?"

"तुलनेसाठी दुसरा गट घेतलाय. पंचेचाळीस ते पंचावन्न वयाचे, दिवसातून आठ तास टेबलाशी बसणारे. एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं ते मोजलंय."

"मग?"

"सत्तरीच्या सायकलवाल्यांपेक्षा कमी आलंय त्यांचं."

लेक एकोणपन्नास वर्षांची होती. ती उठली, चपला बाजूला काढल्या, वाचनालयात इकडेतिकडे पाहिलं आणि कपाटाजवळ एक पाय उचलला. टपालकाकांनी मनगटी घड्याळ धरलं. चार सेकंदांनी तिचा हात कपाटावर गेला.

"फरशी गुळगुळीत आहे," ती म्हणाली.

टपालकाकांनी घड्याळ तिच्या हातात दिलं आणि बूट न काढता एका पायावर उभे राहिले. बावीस सेकंद उभे होते. आणखीही राहिले असते, पण ग्रंथपाल बाई पुस्तकांची गाडी घेऊन आल्या आणि त्यांना वाट द्यावी लागली. काय चाललंय ते कळल्यावर बाईंनी गाडी थांबवली, गंभीरपणे एक पाय उचलला, अकरा सेकंदांनी टेकवला आणि पुढे गेल्या.

मंगळवारी संध्याकाळी लेकीने चावी आणून टपालकाकांच्या हातावर ठेवली. जावयाने कोणी न सांगता सीट दोन बोटं खाली केली. बुधवारी टपालकाका बेकरीपर्यंत जाऊन आले. गुरुवारी त्याच्या पुढे, नदीच्या पुलापर्यंत गेले. वळणावर पूर्ण थांबले, मगच उतरले. शुक्रवारी सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर दाराशी सायकल नव्हती.

"तिने नेली," जावई म्हणाला. "ऑफिसला. आजच्या दिवस, म्हणाली."

"तिला येते?"

"सकाळी सहाला उठून गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. चौथीत असताना तुम्हीच शिकवलेली, म्हणाली."

तो आजचा दिवस शनिवारीही होता. सोमवारीही होता. संध्याकाळी लेक लाल चेहऱ्याने, फार उत्साहाने घरी येई आणि आज एका पायावर सात सेकंद झाले, आज नऊ झाले असं सांगे. तिला काही बोलायचं टपालकाकांच्या जिवावर येई. कोणत्या तोंडाने बोलणार? पुरावा त्यांनीच शोधला होता, आणि तो पक्का होता.

मंगळवारी ते ग्रंथालयात गेले. आता त्यांना कोणाची मदत लागत नव्हती. शब्दांची यादी उघडून त्यांनी पाट्या तपासल्या, प्रगत वय घेतलं, मध्यम वय घेतलं, विनाइंजिन दुचाकी घेतली, सामाईक वापर घेतला, मध्ये 'आणि' घातले आणि बटण दाबलं. शून्य. त्यांनी ग्रंथपाल बाईंना बोलावलं.

बाईंनी चष्मा वर करून सगळं तपासलं. "शब्द अगदी बरोबर निवडलेत, काका. यावर अजून कोणी काही लिहिलेलंच नाही."

"म्हणजे घरात सायकल एक आणि माणसं दोन असली तर काय करायचं, ते कोणालाच माहीत नाही?"

"निदान संशोधकांना तरी नाही."

टपालकाकांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजले होते. ते तिथून तडक परीक्षा विभागाच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

साडेपाचला लेक सायकल हातात धरून बाहेर आली. तिच्यामागून आलेल्या दोन कारकुनांनी टपालकाकांना पाहिलं आणि फार अदबीने नमस्कार केला.

"बाबा, तुम्ही इथे?"

"सायकल घ्यायला आलो."

"मग मी कशी जाऊ?"

"ते तू बघ. मी आलो चालत."

"मागे बसा. सोडते."

"तुझ्या मागे? नऊ सेकंदांवर?"

"अकरा झाले आज."

"तू बस मागे."

"शहात्तराव्या वर्षी डबलसीट कुठल्या निबंधात आहे?"

कुठल्याच निबंधात नव्हतं, हे टपालकाकांना चौदाही निबंध पाठ असल्यामुळे माहीत होतं. त्यांनी हँडलची डावी मूठ धरली. उजवी लेकीने सोडली नव्हती. थोडा वेळ दोघं तशीच उभी राहिली, मग मागून कोणाच्या तरी स्कूटरने हॉर्न दिला म्हणून पुढे सरकली, आणि एकदा सरकल्यावर थांबायचं तसं काही कारण नव्हतं. बेकरीच्या वळणापर्यंत आली तेव्हाही एक मूठ त्यांच्या हातात होती, एक तिच्या, आणि मधून सायकल रिकामी चालली होती.

"पाव घ्यायचाय का?" लेकीने विचारलं.

"घेऊ," टपालकाका म्हणाले. "तू जा आत. मी सायकल धरतो."

लेकीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच जा," ती म्हणाली. "मी धरते."

शेवटी बेकरीवालाच पाव घेऊन बाहेर आला.